बेल्ट दोनदा बदलला, दोष आयडलरचा निघाला

गाडी २०१२ची डिझेल, आकडा १,३८,००० किलोमीटर. मुक्काम परभणी, पण निम्मं पळणं शेताच्या कच्च्या रस्त्यावर.

१२ एप्रिल

सकाळी सेल्फ मारला की बॉनेटखालून चिवचिव. गाडी तापली की कमी होते, संध्याकाळी शेतातून धूळ खाऊन आली की पुन्हा सुरू. गेल्या ऑगस्टमध्ये हाच आवाज होता म्हणून गॅरेजवर इंजिनचा नवा बेल्ट (अल्टरनेटर म्हणजे वीज बनवणारं यंत्र, एसी, वॉटर पंप हे सगळं फिरवणारा) टाकून घेतला होता. आठ महिन्यांत पुन्हा तेच. इतक्यात बेल्ट संपत नसतो, म्हणून या वेळी आधी पुल्या बघायच्या असं ठरवलं.

पुतण्याला ड्रायव्हर सीटवर बसवलं, इंजिन रेस न देता नुसतं चालू ठेवलं आणि बाजूला उभं राहून फवाऱ्याच्या बाटलीतून बेल्टच्या धारांच्या अंगावर साधं पाणी मारलं. (शर्टाच्या बाह्या दुमडून, मान लांब ठेवून. रेडिएटरचा पंखा कधीही सुरू होतो.) आवाज गप्प. दहा-बारा सेकंदांनी पुतण्या म्हणाला, "काका, परत यायलाय की!"

इथे बरंच कळतं. पाण्याने आवाज वाढला असता तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी आहे. पाण्याने थोडा वेळ थांबून परत आला, म्हणजे एखादी पुली रेषेत नाही. ती चिवचिव बेल्ट तिरका शिरताना त्याच्या धारा पुलीच्या खाचांना घासल्याची असते. बेल्ट ड्रेसिंगचा (बेल्टला पकड देणाऱ्या चिकट द्रवाचा) फवारा मात्र कुणी मारू नका. आवाज चार दिवस दबतो आणि चिकट थरावर आपली काळी धूळ लेपासारखी बसते.

१९ एप्रिल

इंजिन पूर्ण थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. आधी बेल्टच्या फेऱ्याचा फोटो आणि कागदावर आकृती. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा स्प्रिंगचा हात) रिंग पान्याने ओढून बेल्ट सोडवला. बॅटरी परत जोडून बेल्टशिवाय जेमतेम अर्धा मिनिट इंजिन चालवलं: आवाज नाही. म्हणजे दोष याच फेऱ्यात. आमच्या गाडीत वॉटर पंपही याच बेल्टवर आहे, त्यामुळे असं जास्त वेळ चालवायचं नाही.

मग एकेक पुली हाताने फिरवली. अल्टरनेटर गुळगुळीत. एसीची पुली ठीक. वॉटर पंपची पुली धरून हलवली, खेळ नाही, खाली पाण्याचा डागही नाही. आयडलर (स्वतः काही न चालवता बेल्टला नुसती वाट देणारी पुली) बोटाने फिरवला तर वाळू चावल्यासारखी करकर, आणि दोन बोटांत धरून वरखाली केला तर स्पष्ट हलला. स्टीलपट्टी शेजारच्या पुलीच्या तोंडावर टेकवून बघितली: आयडलरच्या वरच्या कडेला पट्टी टेकते, खालच्या कडेला जवळजवळ दीड मिलिमीटर फट. बेअरिंग झिजल्यामुळे पुलीच कलली होती.

बेल्टची कडा बघून वाईट वाटलं. एका बाजूला दोरे निघून कापसाच्या बोंडासारखी पिंजलेली. धारा अजून चांगल्या होत्या. आताचे ईपीडीएम रबराचे बेल्ट जुन्या निओप्रीन रबराच्या बेल्टसारखे लवकर तडकत नाहीत, टायरसारखे झिजत जातात, त्यामुळे नुसत्या भेगा शोधून उपयोग नाही, खाचा रुंद झाल्यात का ते बघावं लागतं. इथे खाचा ठीक, कडा संपलेली. एका बेअरिंगपायी दोन बेल्ट गेले.

२० एप्रिल

आयडलरची सर्क्लिप (बेअरिंग अडकवून धरणारी स्प्रिंगची कडी) काढली. बेअरिंगच्या अंगावर नंबर होता ६२०३. आतला व्यास १७, बाहेरचा ४०, रुंदी १२ मिलिमीटर. हे माप विजेच्या मोटारींतही चालतं, म्हणून मोंढ्यातल्या बेअरिंगच्या दुकानात लगेच मिळालं. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं आणि सी३ खेळाचं घेतलं. सी३मध्ये गोळ्यांना जरा जास्त मोकळीक असते, आणि बॉनेटखाली आधीच तापलेली हवा, त्यात आपला मे महिना.

जुन्याचं सील टाचणीने उचललं. आत ग्रीस म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. काळ्या मातीचा कोरडा लेप, तोही एका बाजूलाच. सीलची ओठासारखी कड तिथे कडक होऊन उचलली गेली होती.

नवं बसवताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर द्यायचा. आतल्या कड्यावर ठोकलं तर गोळ्या ज्या खाचेत फिरतात तिथे त्यांचे खड्डे उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घुमतं. मी जुन्या बेअरिंगचं बाहेरचं कडं कानसून किंचित लहान केलं आणि तेच मध्ये ठेवून व्हाइसमध्ये हळूहळू दाबलं. पुली लोखंडी आणि तिचा पृष्ठभाग गुळगुळीत होता म्हणून नुसतं बेअरिंग बदललं. प्लास्टिकची असती तर अख्खा आयडलर घेतला असता.

बाकी पुल्यांच्या खाचांत धूळ घट्ट बसली होती. बांबूची काडी टोकदार करून ती काढली, मग जुना टूथब्रश. लोखंडी ब्रशने ओरखडे पडतात आणि ते नव्या बेल्टला कातरतात.

बेल्ट ६पीकेचा. पहिला आकडा धारांचा, पुढचा लांबी मिलिमीटरमध्ये. एका धारेपासून दुसरीपर्यंत ३.५६ मिलिमीटर, म्हणजे सहा धारांचा बेल्ट साधारण २१ मिलिमीटर रुंद. चढवल्यावर प्रत्येक पुलीवर नख फिरवून बघितलं. एक धार खाचेबाहेर राहिली तर पहिल्याच दिवशी बेल्ट फाटतो.

११ मे

तीन आठवड्यांत ९०० किलोमीटर. गंगाखेड रोडला भर दुपारी एसी पूर्ण लावून गेलो, उसाच्या ट्रॅक्टरमागे धूळ खात परत आलो. आवाज नाही. स्टीलपट्टी पुन्हा लावली, फट नाही, बेल्टची कडा स्वच्छ.

एक गोष्ट अजून खटकतेय. एसीचा कंप्रेसर लागतो त्या क्षणी टेन्शनरचा हात थरथरतो आणि लगेच स्थिरावत नाही. मोबाइलवर त्याचं चित्रण करून ठेवलंय. मृग लागायच्या आधी टेन्शनर उतरवून त्याची स्प्रिंग आणि बुश बघणार.