ईडीएचा ड्रम आणि मराठवाड्याची हवा

डिसेंबर महिन्यातील एका सकाळी आमच्या स्टोअरमधील सर्वांत जुने हेल्पर, ज्यांना सगळा कारखाना मामा म्हणतो, माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "साहेब, ड्रम हालतोय, पण आतलं हालंना." ड्रम इथिलीन डायअमाइन या तीव्र अल्कली द्रव रसायनाचा होता. हे पूर्ण नाव आमच्याकडे फक्त लेबलावर असते. बोलताना आणि रजिस्टरमध्ये त्याला 'ईडीए' असेच म्हणतात. रात्री पारा नऊ अंशांपर्यंत उतरला होता आणि पत्र्याच्या शेडमध्ये वाऱ्याच्या बाजूला ठेवलेला तो माल गोठून घट्ट झाला होता. मामांनी त्यावर उपायही योजला होता. कॅन्टीनमधील गॅसची शेगडी ड्रमशेजारी आणून ठेवलेली होती आणि काडी ओढणे तेवढे बाकी होते.

मी शेगडी उचलून परत पाठवली, रागावलो मात्र नाही, कारण चूक मामांची नव्हती. ईडीए साधारण ११ अंश सेल्सिअसला गोठते आणि ३४ ते ३८ अंशांच्या आसपास त्याची वाफ ठिणगी मिळाली तर पेट घेऊ शकते, या दोन्ही गोष्टी रसायनाची माहिती आणि धोके सांगणाऱ्या सुरक्षितता पत्रकाच्या नवव्या विभागात छापलेल्या असतात. परंतु ते पत्रक सोळा विभागांचे, इंग्रजीत आणि ऑफिसातील फाइलमध्ये बंद असते. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना देणे बंधनकारक झाले, तरी माहिती देणे म्हणजे सहीसाठी कागद पुढे करणे, असा अर्थ बऱ्याच ठिकाणी घेतला गेला. मामांनी त्या कागदावर दरवर्षी सही केलेली आहे.

ज्या प्रदेशात थंडीत पारा पंधराच्या खाली जात नाही आणि उन्हाळ्यात तिशीच्या फारसा वर चढत नाही, तेथे हे दोन आकडे फाइलमध्ये पडून राहिले तरी कदाचित निभावून जाईल. आपल्याकडे ते निभावत नाही. परभणीचा पारा घसरल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो आणि मे महिन्यात चाळिशी ओलांडली तर तिची बातमीही होत नाही. म्हणजे मराठवाड्यातील एकच ड्रम एकाच वर्षात गोठतोही आणि पेटण्याच्या तापमानापलीकडेही जातो. पत्रक कुठे का छापलेले असेना, ते आपल्या गावच्या हवेत आणि आपल्या गावच्या पाण्यावर वाचावे लागते, असे माझे अनेक वर्षांच्या स्टोअरच्या कामातून झालेले मत आहे.

गोठलेला ड्रम आम्ही पॅलेटसह बंद, कोरड्या आणि उबदार खोलीत हलवला, बाहेरून कोमट पाण्यात भिजवलेली पोती गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत थांबलो. उत्पादन विभागाने दोनदा फोन करून विचारणा केली, परंतु याला दुसरा मार्ग नाही. ज्योत लावल्यास ड्रमचा एकच भाग तापतो, तेथील द्रव उकळू लागतो आणि बाकीचा माल दगडासारखाच राहतो. अशा वेळी वाफेला बाहेर पडण्याची वाट बुचातून मिळते आणि बुचाशेजारी ज्योत असते.

मे महिन्यातील धोका अधिक फसवा आहे, कारण त्यात डोळ्यांना काहीच दिसत नाही. बाहेर ४१ अंश असताना पत्र्याखालील हवा त्याहूनही तापलेली असते आणि ड्रमच्या वरच्या मोकळ्या जागेत वाफ दाटलेली असते. ही वाफ हवेच्या दुपटीहून थोडी जड असल्यामुळे वर उडून जात नाही. ती जमिनीलगत सरकते आणि खड्ड्यात, नालीत साचते. म्हणूनच ओतताना अर्थिंगची तार लावणे, ठिणगी न उडणारे स्पॅनर (पाने) वापरणे, टाकीतील मोकळ्या जागेत हवेऐवजी नायट्रोजन ठेवणे आणि उन्हाळ्यात ड्रम पहाटेच उघडणे या गोष्टी आम्ही पाळतो. बुचाभोवती जी पांढरी पापडी जमलेली दिसते, तिला नवी मुले मीठ समजून नखाने खरवडतात. हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा यांच्याशी ईडीएचा संयोग होऊन ती तयार होते. ती दिसली की बूच नीट बसलेले नाही, असे समजावे. हीच पापडी टाकीच्या श्वासनळीत, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याच्या नळीत, जमली तर नळी बुजते आणि टाकीत दाब किंवा पोकळी निर्माण होते.

पूर्वी मी ज्या कारखान्यात होतो, तेथे मे महिन्यातील एका दुपारी ठेकेदाराकडच्या एका तरुण कामगाराने बूच एका दमात फिरवून काढले. वास्तविक ते पाव आटा सैल करून, आतला दाब फुसफुसत निघून जाईपर्यंत थांबून, मग पुढे फिरवायचे असते. माल उसळला. गॉगल असल्यामुळे डोळे वाचले, परंतु हातमोजा आणि बाही यांच्यामधील दोन बोटे उघड्या मनगटावर शिंतोडे पडले. तो ओरडला नाही. "साबण लागल्यावानी बुळबुळीत लागतंय," एवढेच तो म्हणाला आणि गळ्यातील रुमालाने त्याने मनगट पुसले. तो बुळबुळीतपणा खरोखर साबणाचाच असतो. तीव्र अल्कली त्वचेतील स्निग्ध पदार्थांचा साबण करत आत शिरते. आम्लाने भाजल्यावर वरचा थर गोठून काही प्रमाणात अडसर तयार होतो, अल्कलीच्या बाबतीत तसा अडसर तयार होत नाही. जखम खोल जात राहते आणि वेदना पुष्कळदा उशिरा जाणवते, त्यामुळे माणूस गाफील राहतो.

दोन-तीन मिनिटे अशीच गेली. मग कोणीतरी त्याला सेफ्टी शॉवरखाली, म्हणजे अंगावरचे रसायन धुण्यासाठी साखळी ओढून सुरू होणाऱ्या फवाऱ्याखाली, ढकलले, आणि पहिला लोट अंगावर येताच तो किंचाळून बाहेर आला. शॉवरची पाइपलाइन सकाळपासून उन्हात तापत होती. पुन्हा साखळी ओढली तेव्हा थोडेसे पाणी येऊन थांबले, कारण वरची टाकी टँकरवर भरली जात होती आणि त्या दिवशीचा टँकर आलेला नव्हता. शेवटी पिण्याच्या पाण्याचे चार जार आणून तांब्याने त्याच्या मनगटावर पाणी ओतावे लागले. चार जार म्हणजे ८० लिटर. अशा शॉवरसाठी जे अमेरिकी मानक जगभर वापरले जाते, त्यानुसार मिनिटाला सुमारे ७५ लिटर पाणी सलग १५ मिनिटे मिळाले पाहिजे, म्हणजे एका माणसासाठी ११०० लिटरांहून अधिक. आणि ते पाणी १६ ते ३८ अंशांच्या दरम्यान असले पाहिजे. आमच्याजवळ जेमतेम एका मिनिटाचे पाणी होते. त्याच्या मनगटावर आजही कडे घातल्यासारखा व्रण आहे.

त्या गडबडीत एक सुपरवायझर कॅन्टीनमधून लिंबे घेऊन धावत आले होते. त्यांचा विचार शाळेतील रसायनशास्त्राला धरूनच होता, अल्कलीवर आम्ल. परंतु अशा संयोगातून उष्णता निर्माण होते आणि भाजलेल्या त्वचेवर तिची भर पडते. लिंबू नाही, ताक नाही, हळद नाही, टूथपेस्ट तर मुळीच नाही. कपडे, बूट, घड्याळाचा पट्टा ताबडतोब उतरवावा आणि पाणी ओतत राहावे. डोळ्यात गेले असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरून किमान १५ मिनिटे धुवावे आणि दवाखान्यात नेतानाही धुणे चालू ठेवता आले तर ठेवावे. कारण डोळ्याच्या बाबतीत उशिराची किंमत दृष्टीने मोजावी लागते. कातडी बुटात एकदा मुरलेला माल धुऊन निघत नाही, ते बूट फेकूनच द्यावे लागतात.

हातमोजे ब्यूटाइल रबरचे हवेत. कोविडनंतर दवाखान्यातील पातळ हातमोज्यांचे खोके प्रत्येक विभागात आले आणि हात झाकला म्हणजे सुरक्षित झाला, अशी समजूत पसरली. ईडीएसमोर ते मोजे म्हणजे कांद्याचे साल. तीच गोष्ट तोंडाला बांधलेल्या रुमालाची. रुमाल धूळ अडवतो, वाफ अडवत नाही, उलट ती शोषून नाकाशी धरून ठेवतो. येथे अमोनिया आणि अमाइनसाठी असलेला, हिरव्या पट्ट्याचा कार्ट्रिज (वाफ गाळणारी डबी) बसवलेला मास्क लागतो.

वासाविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. ईडीएला अमोनियासारखा झणझणीत वास असतो आणि काही वेळाने नाकाला त्याची सवय होते, म्हणून 'आता वास कमी झाला' या वाक्यावर मी विश्वास ठेवत नाही. आठ तासांच्या कामासाठी हवेत दहा लाख भागांत १० भाग ही मर्यादा पत्रकात दिलेली असते, परंतु काही जणांच्या बाबतीत तिचा उपयोग राहत नाही. एकदा शरीर या रसायनाला चिडू लागले की त्यानंतर अगदी अल्प वाफेनेही दम्यासारखा झटका येतो. अशा माणसाला त्या विभागातून बदलणे हाच उपाय उरतो, आणि ठेकेदाराच्या माणसाला बदली म्हणजे घरी बसणे वाटत असल्यामुळे तो खोकला लपवतो. यातील विचित्र भाग असा की, दम्यावर दिल्या जाणाऱ्या अमिनोफायलीन या जुन्या औषधात थिओफायलीन पाण्यात विरघळावे म्हणून इथिलीन डायअमाइनच मिसळलेले असते.

ईडीए आणि ईडीटीए या नावांतील घोळ किरकोळ वाटतो, पण ईडीटीए ही सौम्य पांढरी पावडर ईडीएपासूनच बनते आणि फोनवर दोन्ही नावे सारखीच ऐकू येतात. आम्ही इंडेंटवर (मागणीच्या चिठ्ठीवर) पूर्ण नाव लिहिल्याशिवाय माल देत नाही. पितळी कॉकचाही असाच अनुभव आहे. एकदा स्टीलचा मिळाला नाही म्हणून ड्रमला हार्डवेअरच्या दुकानातील पितळी कॉक बसवला गेला आणि काही दिवसांत त्याच्या तोंडाशी सुंदर जांभळट निळा रंग उतरला. ईडीए तांब्याला खाऊन तो रंग तयार करते. म्हणजे कॉक आतून झिजत होता. सांडलेल्या मालावर लाकडाचा भुसा टाकण्याची सवयही आम्ही मोडली, आता कोरडी वाळू वापरतो.

सध्याच्या कारखान्यात शॉवरसाठी २००० लिटरची वेगळी टाकी आहे, तिचे पाणी दुसऱ्या कशासाठीही काढता येत नाही, आणि पाइपलाइन जमिनीखालून घेतली आहे. दर सोमवारी दुपारी दोन वाजता, म्हणजे सर्वांत कडक उन्हात, मामा साखळी ओढतात, पाणी बादल्यांत धरतात आणि थर्मामीटर बुडवतात. सुरुवातीला त्यांचा जीव तुटत असे, कारण त्यांच्या घरी नळाला आठव्या दिवशी पाणी येते आणि येथे एका मिनिटात ७५ लिटर सांडायचे होते. त्यांनीच त्यावर तोड काढली. आता ते पाणी कंपाउंडलगतच्या कडुलिंबांना जाते, आणि गेल्या सोमवारी तापमानाच्या रकान्यात ३३ लिहून खाली सही करण्याआधी त्यांनी थर्मामीटर मला दोनदा दाखवला.