मागच्या टेबलावरची माणसं

दुपारी एक ते चार या वेळेत आमच्या सदाशिव पेठेत दाराची बेल वाजवणारा एकतर नवखा कुरिअरवाला असतो, नाहीतर सात जन्मांचा वैरी. या वेळात मी जॅझ ऐकतो. आवाज अगदी बारीक, शेजारच्या काकूंच्या वामकुक्षीत मिसळून जाईल इतका.

परवा पियानोवादक बिल इव्हान्सचा ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ हा अल्बम लावला होता. पियानो, डबल बास, ड्रम्स. शिवाय काचेचे ग्लास. २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कमधल्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातल्या क्लबात दुपारपासून रात्रीपर्यंत पाच बैठका झाल्या आणि सगळं टेपवर घेतलं गेलं. ग्लास किणकिणतात, मागं कुणीतरी बोलतंय, कुणी हसतंय. पहिलंच गाणं टेप होत असताना मध्येच वीज गेली होती म्हणे. हे वाचल्यापासून मला न्यूयॉर्कविषयी भलतीच आपुलकी वाटू लागली आहे.

बासवर स्कॉट लाफारो, वय २५. ठेका धरून मागं बसणं या पोराच्या स्वभावातच नाही. पियानोनं काही म्हणायचा अवकाश, हा मध्ये तोंड घालतो. आणि गंमत म्हणजे पियानो ते ऐकून घेतो! ६ जुलैला लाफारोची मोटार झाडावर आदळली आणि तो गेला. त्यानंतर कित्येक महिने इव्हान्सनं जाहीर वाजवलं नाही. मित्राचे कपडे अंगात घालून तो शहरभर हिंडायचा, असंही सांगतात.

त्या दिवसाच्या ढीगभर टेप्समधून अल्बमसाठी गाणी निवडताना इव्हान्सनं आणि निर्माता ऑरिन कीपन्यूजनं लाफारो ठळक ऐकू येईल अशीच उचलली. सुरुवात त्याच्या ‘ग्लोरियाज स्टेप’नं, शेवट त्याच्याच ‘जेड व्हिजन्स’नं. वाजवताना तिघेही मजेत आहेत. दुःख आलं ते नंतर, निवडताना. ऐकणाऱ्याला मात्र ते पहिल्या सुरापासून लागतं. मला तर ‘जेड व्हिजन्स’ सुरू झालं की त्या ग्लासवाल्यांचा राग येतो. अरे, गप्प बसा ना जरा, शेवटचं ऐकताय!

पण त्यांना कोण सांगणार? आणि आपण तरी काय करतो? आपला ‘सवाई’ मुळात गुरूच्या आठवणीसाठी. सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले आणि पुढच्या वर्षी भीमसेनजींनी तो सुरू केला. रमणबागेत सतरंजीवर बसून बटाटेवडा खाताना हे किती जणांच्या ध्यानात असायचं? मागचे एक काका हमखास ‘तानपुरा उतरलाय’ असं कुजबुजायचे. माझे बाबा मान वळवून नुसतं बघायचे. त्या नजरेनं काकाच काय, तानपुराही वर चढला असता.

घरीही तेच. शनिवारी रात्री आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागला की बाबा रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचे आणि लाल बटण दाबायचे. मग घरात संचारबंदी. भांडी घासायची नाहीत, खुर्ची ओढायची नाही, शिंक आलीच तर मोरीत जाऊन द्यायची. ते स्वतः डोळे मिटून मांडी घालून बसलेले. दाद द्यायची झाली तर फक्त बोटं हलायची. बुवा समेवर कितीही झकास येवोत, तोंडातून ‘वा’ नाही.

गेल्या दिवाळीत त्या कॅसेट्स काढल्या. निम्म्यांना बुरशी लागलेली, पण उरलेल्या वाजतात. आईच्या हातून पडलेलं ताट आहे, वाड्यातलं कुत्रं आहे, मोरीपर्यंत न पोचलेली माझी एक शिंकही आहे. बाबा कुठंच नाहीत. खोकलासुद्धा नाही. फोटो आहेत की, अल्बम भरभरून आहेत. आवाज मात्र एकाही ठिकाणी नाही.

एकदा तरी रागाच्या मध्येच चहा मागायला हवा होता त्यांनी.