ओल्डहॅमच्या वाचनालयात गिरणीची कादंबरी

आमच्या बुक क्लबात एरवी नव्या कादंबऱ्या वाचतात, म्हणजे एकतर बक्षीस मिळालेली, नाहीतर पहिल्याच पानावर मुडदा पडलेली. हिवाळ्यात मात्र एक जुनी, जाडजूड, क्लासिक म्हणतात तशी कादंबरी घ्यायची असा दंडक आहे. नोव्हेंबरात इथे दुपारी चारलाच दिवे लावावे लागतात, बाहेर भुरभुर पाऊस असतो. जाणार कुठे? वाचा.

मँचेस्टरला खेटून ओल्डहॅम आहे, तिथल्या एका छोट्या वाचनालयात आम्ही जमतो. इतिहासाचे निवृत्त मास्तर, रात्रपाळी करणारी नर्स, बस चालवणारे एक काका, साठीतल्या दोघी बहिणी, आणखी पाचसहा जण आणि मी. वाचनगटांना एकाच पुस्तकाच्या दहाबारा प्रतींचा संच वाचनालयच देतं. पुण्यामुंबईच्या वाचकमित्रांनो, याचा हेवा जरूर करा. शिवाय या पुस्तकांचे हक्क कधीच संपलेत, त्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ती फुकट मिळतात आणि लिब्रिव्हॉक्सवर हौशी मंडळींनी वाचून ठेवलेली ऐकताही येतात. बसवाले काका सगळं ऐकूनच येतात आणि आमच्या आधी संपवतात.

निवडीच्या दिवशी पुस्तक थोर की सामान्य यावर वाद होतच नाही. दीडशे वर्षं टिकलेल्याला आपण काय मार्क देणार! वाद होतो तो पानं किती, अक्षर केवढं आणि लायब्ररीत संच आहे का, यावर. मास्तरांनी जॉर्ज इलियटची ‘मिडलमार्च’ सुचवली. ते दरवर्षी सुचवतात. 1871-72 मध्ये ती मुळात आठ भागांत निघाली होती, तेव्हा आठ भाग आठ बैठका, असा त्यांचा बिनतोड हिशोब. नर्स म्हणाली, “ड्यूटीवरून आल्यावर तिसऱ्या पानाला माझा डोळा लागतो. 86 प्रकरणं मी कुठल्या जन्मी वाचू?” तिचं मत डिकन्सच्या ‘हार्ड टाइम्स’ला, कारण त्याच्या कादंबऱ्यांत ती सगळ्यात आटोपशीर. काकांना ‘मोबी डिक’ हवी होती. प्रकरणं 135, त्यातलं एक अख्खं व्हेलच्या जाती लावण्यात खर्ची पडलेलं. सगळ्यांनी “वा, वाचायलाच हवी” म्हटलं आणि चिठ्ठीत एकानेही ते नाव लिहिलं नाही. इंग्रज माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, त्यासाठी चिठ्ठ्या असतात.

बहिणींची ‘वुदरिंग हाइट्स’ही पडली. ब्राँटे भगिनींचं हॉवर्थ गाव इथून गाडीने फार लांब नाही, तेव्हा सहल झाली असती. पण ती बहुतेकांनी शाळेत वाचलेली, आणि शाळेत वाचलेल्या पुस्तकाबद्दल माणसाचं मत पंधराव्या वर्षी जे होतं ते पुढे हलत नाही.

मला विचाराल तर गटासाठी पुस्तक निवडताना एवढंच बघावं, की ते वाचून माणसं दोन बाजूंना बसतील का. नुसतं सुंदर पुस्तक एकट्याने वाचावं. दहा जणांनी मिळून “किती सुंदर!” म्हणायचं, तर ते पहिल्या चहाच्या कपातच म्हणून होतं, उरलेला दीड तास काय करायचं? म्हणून मी एलिझाबेथ गास्केलची ‘नॉर्थ अँड साउथ’ पुढे केली, आणि चिठ्ठ्यांत तीच आली.

गास्केलबाई मँचेस्टरच्या. प्लिमथ ग्रोव्हवरचं त्यांचं घर आता पाहायला खुलं आहे. कादंबरीतलं मिल्टन गाव म्हणजे थोडा मुखवटा चढवलेलं मँचेस्टरच. दक्षिणेतल्या शांत खेड्यातून आलेली मार्गारेट, गिरणीमालक थॉर्नटन, कामगार हिगिन्स, आणि मध्ये पेटलेला संप. डिकन्सच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या साप्ताहिकात सप्टेंबर 1854 पासून ती 22 हप्त्यांत आली. त्याआधी तिथे डिकन्सची ‘हार्ड टाइम्स’च चालू होती, तीही गिरणगावावरची! हप्त्याच्या लांबीवरून डिकन्स आणि बाईंचं बरंच वाजलं, शेवट घाईत उरकावा लागला. पुढच्या वर्षी पुस्तक काढताना त्यांनी तो भाग वाढवून घेतला. ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ 1890 पासून ‘करमणूक’मध्ये आठवड्याआठवड्याने येत होती, हे मी गटात सांगितलं तेव्हा मास्तरांनी वहीत टिपून घेतलं. आम्हीही मग 52 प्रकरणांचे चार वाटे केले. एक सूचना सर्वांना दिली, की आधी कादंबरी, मग प्रस्तावना. क्लासिकांच्या आवृत्तीत विद्वान मंडळी प्रस्तावनेतच सगळी कथा सांगून मोकळी होतात.

खरी बैठक रंगली ती बेसीवरून. हिगिन्सची ही मुलगी एकोणीस वर्षांची, कार्डिंग म्हणजे कापूस पिंजण्याच्या खात्यात काम करून छातीत कापसाचं तूस भरलेलं, खोकून खोकून मरायला टेकलेली. ती मार्गारेटला सांगते, की काही गिरण्यांत धूळ ओढून नेणारं मोठं चाक बसवतात, पण त्याला पाचसहाशे पौंड पडतात आणि त्यातून नफा काहीच नाही, म्हणून थोडेच मालक ते लावतात. पुढे तिचं वाक्य ऐकून सगळे गप्प झाले: चाक असलेल्या ठिकाणी काही कामगारांनाच ते नको असतं, कारण तूस गिळायची सवय झालेल्यांना ते बंद झाल्यावर भूक फार लागते. तेव्हा पगार तरी वाढवा!

बहिणींची आई विणकर होती. साच्यांच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटात काही ऐकू येत नसे म्हणून बायका ओठ मोठाले हलवून बोलायच्या, त्याला इथे ‘मी-मॉइंग’ म्हणतात. दोघींनी टेबलाच्या दोन टोकांना बसून करून दाखवलं, आवाज न काढता, आणि आमच्यापैकी कुणाला काही कळायच्या आत आपापसात हसू लागल्या. काकांचे वडील साठच्या दशकात आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेटहून आले ते इथल्या गिरणीत कायमच्या रात्रपाळीला, कारण गोऱ्यांना ती पाळी नको असायची. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत होते, 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तो त्यांच्यासाठी कधी मिटलाच नाही. मुंबईतली पहिली कापड गिरणी उभी करायला कावसजी दावरांनी कंपनी काढली तीही 1854 सालीच, आणि पुढे मुंबईच्या कितीतरी गिरण्यांत यंत्रं आली ती या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची. आजोबांच्या बोलण्यात ‘प्लॅट’ हा शब्द यायचा. तो इथल्या कारखान्याचा, हे मला इथे आल्यावर उमगलं.

एवढं झाल्यावर वाटेल, सगळे कामगारांच्या बाजूने बसले असतील. छे! काका थॉर्नटनच्या बाजूने. स्वतःच्या हिमतीवर वर आलेला माणूस, दिलेला शब्द पाळतो, मग त्याने युनियनचं का ऐकावं? नर्सने त्यांना सोडलं नाही. तिच्या मते चाकाचा खर्च आणि तिच्या वॉर्डात कमी असलेली माणसं हा एकच हिशोब. मास्तर मधे पडून त्या काळचा गिरण्यांचा कायदा समजावू लागले, त्यांना कुणी बोलू दिलं नाही. वाचनालयवाल्या बाईंनी दिवे मालवायला सुरुवात केली तरी वाद चालूच.

पुढच्या हिवाळ्याचं आताच सुरू झालंय. बहिणींना गास्केलचीच ‘वाइव्हज अँड डॉटर्स’ हवी आहे. ती मासिकात चालू असतानाच, 1865 च्या नोव्हेंबरात, बाई अचानक गेल्या आणि शेवटचा भाग लिहायचा राहिला. मास्तरांचं म्हणणं, जिला शेवटच नाही ती गटाने घेऊ नये, शेवटच्या बैठकीत बोलणार कशावर? नर्स म्हणते, पहिल्यांदाच असं पुस्तक येतंय ज्याचा शेवट तुम्ही आधी सांगून टाकू शकणार नाही. माझं मत नर्सला.