लिंबावर टॉर्चचा बल्ब पेटला: ५२ सेकंद

मंडळी, पेटला! एलईडी नव्हे, तारेचा बल्ब. आज सकाळी साडेसहाला २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचा टॉर्चचा बल्ब चार कागदी लिंबांच्या विजेवर मोजून ५२ सेकंद जळला. पहिली वीसेक सेकंदं छान पिवळा, मग केशरी, शेवटी तारेत नुसती निखाऱ्याची लाली. पडदे ओढून घरातले सगळे बघत होतो. ती लाली विझेपर्यंत कोणी बोललं नाही.

इथवर यायला तीन आठवडे लागले, आणि त्यातले जवळजवळ सगळे एकाच गाठीपाशी गेले.

मागच्या वेळी हिशोब केला होता तो असा. लिंबात एक तांब्याची आणि एक जस्ताची पट्टी खोचली की वीज मिळते. माझ्या पट्ट्यांवर एक लिंबू ०.९३ व्होल्ट देतं, शॉर्ट केलं, म्हणजे दोन्ही पट्ट्या थेट तारेने जोडल्या, तर ३ मिलिअँपिअर. म्हणजे आतला रेझिस्टन्स तीनशे ओहमच्या वर. थंड बल्बचा जेमतेम एक ओहम. बल्ब थेट जोडला की सगळं व्होल्टेज लिंबाच्या पोटातच संपतं. थेट पेटवायचा तर सिरीजमध्ये सहा आणि अशा दोनशे रांगा पॅरललमध्ये, बाराशे लिंबं! म्हणून ठरवलं होतं की रात्रभर थेंब थेंब साठवायचं आणि सकाळी एकदम सोडायचं. त्यासाठी सुपरकपॅसिटर, म्हणजे भरपूर विद्युतभार साठवणारा कपॅसिटर.

ऑनलाइन मागवलेला कपॅसिटर ५.५ व्होल्ट, १ फॅरडचा (फॅरड हे साठवणक्षमतेचं माप), बटण सेलसारखा चपटा. संध्याकाळी लावला, रात्री ३.४ व्होल्ट. बल्ब जोडला, काही नाही. साधी लालीसुद्धा नाही. बल्ब दोन पेन्सिल सेलवर तपासला, झकास. क्लिपा बदलल्या. सोल्डर पुन्हा केलं. दुसऱ्या रात्री पुन्हा चार्ज, पुन्हा अंधार. असं आठ-नऊ वेळा झालं. मग एकदा मीटर लावून ठेवूनच बल्ब जोडला: ३.४ वरून थेट ०.१. तीन सेकंदांनी बल्ब काढला, तर आकडा उडी मारून ३.१! वीज आत आहे, पण बाहेर येत नाही. लिंबाचाच आजार कपॅसिटरला. डेटाशीट शोधून काढली तर आतला रेझिस्टन्स ३० ओहम. हे चपटे कपॅसिटर घड्याळाची वेळ किंवा मेमरी सांभाळायला असतात, त्यांना मायक्रोअँपिअर पुरतात. विक्रेत्याने नुसतं ‘सुपरकॅप’ लिहिलं होतं, रेझिस्टन्सचा उल्लेखही नाही. कपॅसिटर घेताना फॅरड आणि व्होल्ट पाहून थांबू नका, ईएसआर, म्हणजे हाच आतला रेझिस्टन्स, विचारा. सांगता येत नसेल तर घेऊ नका.

पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन नळकांडी आकाराचा, २.७ व्होल्ट, १० फॅरडचा आणला. त्याचा ईएसआर ओहमच्या छोट्या अंशाइतका. रात्री नऊला लावला. चार लिंबं मोकळी ३.७ पर्यंत जातात आणि कपॅसिटरची मर्यादा २.७, म्हणून दोनदा उठून आकडा पाहिला. दोन वाजता चार्जिंग मंदावलं होतं. तांब्यावर हायड्रोजनचे बुडबुडे. पट्ट्या हलवल्या, मीटर पुन्हा सरकायला लागला. सकाळी २.३१.

तांब्याच्या पट्ट्या तांबट आळीतल्या कातरणाच्या आहेत, पॉलिश पेपरने घासल्या की पुन्हा नव्या. जस्तासाठी मात्र जीआय पत्रा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा, वापरू नका. कापलेल्या कडेला लोखंड उघडं पडतं आणि चार-पाच रात्रींत जस्ताचा मुलामाच निघून जातो. प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात निखळ जस्ताची पट्टी मिळते, महाग पण तीच घ्या. वीज लिंबाची नाही, जस्ताची आहे. आज बल्बसाठी जेवढा विद्युतभार साठला त्याला हिशोबाने प्रत्येक पट्टीतलं साधारण ८ मिलिग्रॅम जस्त लागलं, शिवाय आम्लाने नुसतंच खाल्लेलं वेगळं. म्हणून ही लिंबं सरबताला अजिबात वापरायची नाहीत, आमच्याकडे ती कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात जातात.

एक छोटी गोष्ट: लिंबं वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा. मी एका ताटात ठेवली होती, रस पसरून एकमेकांना मिळाला आणि चारांचं व्होल्टेज तिघांपेक्षाही खाली आलं.

पुढचा बेत तीन लिंबांच्या दोन रांगांचा होता, म्हणजे मी झोपून राहिलो तरी व्होल्टेज २.८ च्या पुढे, कपॅसिटरच्या मर्यादेपेक्षा फार वर, जाणार नाही. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, अख्खं लिंबू कशाला? पट्ट्यांमध्ये दोन सेंटिमीटर रस आणि फोडींमधले पडदे आहेत, तिथेच रेझिस्टन्स. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये बटाटा उकडून त्याचा रेझिस्टन्स कितीतरी खाली आणला होता. बटाटा मला नको, फळच हवं. पण लिंबाची तीन मिलिमीटरची चकती, खाली तांब्याचा पत्रा, वर जस्ताचा, वर हलकं वजन? इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टाने १८०० च्या सुमारास मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे धातूच्या चकत्यांमध्ये रचले होते, तशीच रचना. क्षेत्रफळ वाढेल, अंतर घटेल. चार्जिंगच्या नऊ तासांचे तीन झाले तर एका दिवसात दोनदा बल्ब लावता येईल.

दोन रांगांचा बेत मग राहू दे. बियांमुळे चकती सपाट बसणार नाही, आधी त्या काढायला हव्यात. सुरी धार लावून ठेवली आहे, आज रात्री पहिल्या तीन चकत्या लावतो.