वैशाखाची तयारी: माठातलं इन्सुलिन आणि गल्लीचा कागद

जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात गेला की लाइटचा भरवसा नसतो, आणि लाइट गेली की कूलरही बंद, नळही कोरडा. म्हणून आमची तयारी वैशाखातले दोन-तीन दिवस विजेशिवाय नीट निघावेत एवढ्यासाठीच. यंदा कुठवर आलो ते सांगतो.

सगळ्यात जास्त वेळ दिला इन्सुलिनला. गल्लीत एक मावशी एकट्या राहतात, फ्रीज बंद पडला की त्यांचा जीव टांगणीला. बिनरंगाच्या मोठ्या माठात लहान मडकं बसवलं, मधल्या फटीत नदीची वाळू भरली, सकाळ-संध्याकाळ तीवर पाणी शिंपडलं आणि तोंडावर ओलं गोणपाट टाकलं. जागा सावलीची, पण वारा खेळता हवा. बाहेर ४३ अंश असताना आतला थर्मामीटर २७ वर टिकला. वापरात असलेली बाटली बहुतेक वेळा २५ ते ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालते. तरी आपल्या बाटलीसोबतची चिठ्ठी आधी वाचाच. बाटली घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, ओल लागू देऊ नका. न फोडलेल्या बाटल्यांना २ ते ८ अंशच लागतात, त्या ठेवून घ्यायला मेडिकलवाले दादा तयार झालेत. पावसाळ्यात मात्र हा माठ कामाचा नाही. गारवा येतो पाणी उडण्यातून, आणि दमट हवेत ते उडतच नाही.

पाण्याचा हिशेब सोपा: माणशी रोज किमान १५ लिटर, पिण्याचं वेगळं झाकून. दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी, खणखणीत वाळवून कडुनिंबाच्या पाल्यासकट कोठीत गेली. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, यंदा चार घरांनी एकाच धाब्यावर (मातीच्या सपाट छतावर) घातले. निखाऱ्यावर भाजले, सोबत शेंगदाणे घेतले की वेगळा स्वयंपाक न करता एक वेळ निघते.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो गल्लीचा कागद. एकटं कोण राहतं, कुणाला कसलं औषध चालू आहे, विहीर कुणाकडे, गाडी कुणाकडे, हे सगळं त्यांना विचारूनच हाताने लिहिलं, कारण मोबाइलची बॅटरी उतरली की नंबर सापडत नाहीत. दुपारी कोणी कुणाच्या दारात डोकवायचं तेही ठरलंय. पोरांना उष्माघाताचं शिकवलं: माणूस बरळायला लागला तर १०८ ला फोन, सावलीत आडवं करून अंगभर पाणी आणि वारा, शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नाही.

आता हापसा राहिलाय. आमचा इंडिया मार्क-२ आहे. त्याचे वायसर (वॉशर) बदलायचे तर सगळे पाइप वर ओढावे लागतात, म्हणजे अवजारं हवीत आणि माणसंही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बाहेरगावची पोरं घरी येतील, तेव्हा काढायचा विचार आहे. कुणी हे काम स्वतः केलं असेल तर पाइप धरायचा शिकंजा कुठून आणलात तेवढं कळवा.