अनंत हिरवा झाला, कळी मात्र नाही

अखेर! बागेतल्या अनंताच्या झाडाच्या शेंड्याला आलेली नवी पालवी हिरवी आहे. हिरव्या शिरा आणि मधे पिवळी जाळी, असलं काही नाही, सरसकट हिरवी. आधीच्या नोंदी वाचल्यात त्यांना या वाक्याची किंमत कळेल. नव्यांसाठी एवढंच: धुळ्याची काळी माती, बोअरचं पाणी आणि त्यात अनंत फुलवायची हौस, पालवी मात्र सतत पिवळी.

पिवळेपणा जुन्या पानांपासून सुरू झाला असता तर नत्र कमी पडलंय म्हणून पेंड घातली असती. इथे कोवळी पानं पिवळी, म्हणजे लोह. लूकच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायातला माळी डोळ्यांपुढे होताच. मालकाला फळ न देणारं अंजिराचं झाड तोडायचंय आणि हा म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, भोवती खणतो, खत घालतो. तसंच केलं. शेणखत, गांडूळखत, मग हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार). हिराकसाने थोडे दिवस बरं वाटायचं, पुढची पालवी पुन्हा पिवळी.

शेजारच्या आजींनी कुंपणावरून बघितलं आणि म्हणाल्या, "माय, जेवाले वाढेल शे, पन झाड खाईच नही ऱ्हायनं." म्हणजे जेवायला वाढलंय, पण झाड खातच नाहीये.

निदान पक्कं होतं. आपली माती बसाल्टची, लोहाला तोटा नाही. पण चुनखडीमुळे पीएच (मातीचा आम्ल-अल्कपणा मोजणारा आकडा) आठाच्या वर गेला की ते लोह मुळांना घेता येत नाही. वर बोअरच्या पाण्यातला बायकार्बोनेट रोज भर घालतो. ठिबकच्या ड्रिपरवर पांढरा थर बसतो तो त्याचाच भाऊबंद. हिराकसही अशा मातीत पडलं की लगेच ऑक्सिडाइझ होऊन निकामी होतं.

आजींच्या त्या एका वाक्याने माझा सगळा लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) व्यापलाय. प्रार्थना कोरडी चालली की मी मागणं वाढवते: प्रभू, अजून दे. आता वाटतं, दिलेलं कमी नाहीच. चुना कुठे साचलाय ते बघायला हवं. माझ्या बाबतीत तो बहुधा जुन्या रागाचा आहे, पण तो विषय वहीतच राहू दे.

आता उपाय. दुकानात नुसतं "चिलेटेड लोह" (दुसऱ्या द्रव्याने धरून ठेवलेलं लोह) मागू नका. बहुतेक वेळा त्यातला ईडीटीए हा प्रकार हातात ठेवतात. ते फवारणीला ठीक, पण चुनखडीच्या मातीत टिकत नाही. ईडीडीएचए हा प्रकार मागा. लालसर काळपट दाणे असतात, पाणी गडद लाल होतं, हात आणि फरशी रंगते. महाग आहे, आणि पहिल्या दुकानदाराने "दोन्ही एकच हो ताई" म्हणून ईडीटीएच गळ्यात मारायचा प्रयत्न केला. पुडीवरचं बारीक अक्षर वाचा. मोसंबीवाल्यांना विचारा, त्यांना हा फरक पाठ असतो.

चुन्याच्या तावडीतून लोह मुळापर्यंत सुखरूप नेणारं हे द्रव्य बघून आमच्या अभ्यास गटातली मैत्रीण टाळी वाजवून म्हणाली, "हा तर मध्यस्थ!" १ तीमथ्य २:५, देव आणि माणसं यांच्यातला एकच मध्यस्थ ख्रिस्त. मोह मलाही झाला. पण हे पाण्याबरोबर वाहून जातं, पुन्हा पुन्हा घालावं लागतं, आणि इब्रीकरांस पत्र तर ख्रिस्ताचं अर्पण "एकदाच" यावर अडून बसलंय. तेव्हा नको. बागेतली प्रत्येक गोष्ट दाखल्यात कोंबायची सवय मला मुळातच आवडत नाही. अंजिराला चुना चालतो, यहूदियाचे डोंगरही चुनखडीचेच. त्या माळ्याला खणणं आणि खत पुरणार होतं. अनंताला नाही पुरत.

मधल्या काळातली छोटी मौज: जंगली गुलाबाच्या खुंटावर कलम म्हणून भरलेला लाल गुलाबाचा डोळा (फांदीवरचा अंकुर) फुगलाय! पौल रोमकरांस पत्राच्या ११व्या अध्यायात याच्या उलट कलम सांगतो, रानटी फांदी चांगल्या जैतुनाला, आणि तेही सृष्टिक्रमाविरुद्ध असं स्वतःच म्हणतो. डोळा भरताना हे वाक्य जास्त धक्का देतं. आपण कोणीही जंगली डोळा चांगल्या खुंटावर भरणार नाही, देवाने भरला. खुंटाचे खालचे फुटवे मात्र दिसतील तसे मोडते आहे.

ईस्टर यंदा ५ एप्रिलला. चर्चच्या फुलदाणीत अनंत ठेवायचा बेत सोडला. कळी उन्हाळ्यात येईल आणि आपल्या गरम वाऱ्यात टिकली तर टिकली. त्याऐवजी लाल लिली. हिवाळ्यात पाणी तोडलेले तिचे कांदे आता दांडे काढताहेत, वेळेत उमलतील असं दिसतंय.

अनंत अर्ध्या ड्रममध्ये हलवायचा विचार होता: धुतलेलं कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत. सिमेंटची कुंडी नाहीच, तिच्यातूनही चुना पाझरतो. पण लिहितालिहिता वाटतंय, एप्रिलच्या तोंडावर मुळं हलवणं म्हणजे झाड मारणं. जूनमध्येच करू, आणि तोवर पत्र्याच्या पन्हाळीखाली टाकी बसवून घेऊ. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच. तोपर्यंत दवाखान्यात नोकरी करणाऱ्या भावाकडून एसीचं पाणी आणते. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी चुकूनही घालू नका, त्यात क्षार आटून दुप्पट झालेले असतात.

आणि ज्यांनी मागच्या पावसाळ्यात पीएच उतरवायला मातीत गंधक मिसळलंय, त्यांनी पानांचे फोटो टाका. शेंड्याची कोवळी पानं हवीत, जुनी नकोत.