मे महिन्याची नोंद: परभणी, कोरडा पारा आणि ओला पारा

मे संपला. यंदा नोंदवहीत ओल्या पाऱ्याचा, म्हणजे फुग्याला ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापकाचा, रकाना कुठंही रिकामा राहिला नाही, याचा फार आनंद आहे. गेल्या उन्हाळ्यापर्यंत मी फक्त कमाल-किमान लिहीत होतो. या मेमध्ये हवामान खात्याच्या वेळा धरून, सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचला, साधा कोरडा आणि ओला असे दोन्ही पारे वाचले. फडक्यातलं पाणी उडताना ओला पारा गार होतो, हवा जितकी कोरडी तितका तो कोरड्याच्या खाली. महिनाभराचे आकडे शेजारी-शेजारी मांडल्यावर माझं मत पक्कं झालंय: कमाल तापमान सगळे सांगतात, पण मराठवाड्यातला मे उलगडतो तो ओल्या पाऱ्यावर.

आधी मांडणी सांगतो. तापमापकांची पेटी स्टीव्हन्सन पद्धतीची आहे, म्हणजे आत हवा खेळते पण ऊन शिरत नाही. सुताराकडून करून घेतलेली, दुहेरी झडपांची, बाहेरून-आतून पांढरा रंग. तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरवर, दार उत्तरेकडं, म्हणजे उघडलं तरी आत ऊन पडत नाही. पेटी अंगणात मातीवर उभी आहे, गच्चीवर नाही. स्लॅबवर एक वेगळा तापमापक फक्त तुलनेसाठी ठेवलाय. रात्री दहाला तो अंगणापेक्षा सहज तीन-चार अंश जास्त दाखवतो. वरच्या मजल्यावर झोपणाऱ्यांचे हाल का होतात, ते तिथं कळतं.

ओल्या पाऱ्याचं काम मात्र निगुतीनं करावं लागतं. तापमापकाच्या फुग्यावर मलमलीचं एकेरी फडकं, त्याला सुती वात, आणि वातीचं टोक खालच्या लहान बाटलीतल्या पाण्यात. आमचं बोअरचं पाणी इतकं जड, की चार दिवसांत फडक्यावर पांढरा थर धरतो आणि कापड कडक होतं. मग पाणी नीट चढत नाही, पारा खोटा वर राहतो. म्हणून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणीच वापरतो आणि फडकं दर आठवड्याला बदलतो. उन्हाळी वारं सुटलं की दुपारपर्यंत बाटली तळाला जाते, त्यामुळं साडेतीनला एकदा बघायचंच. एवढा खटाटोप करण्यापेक्षा डिजिटल सेन्सर लावावा असं वाटेल. लावलाय, त्याच पेटीत. पण घरगुती प्रकल्पांत सर्रास वापरतात तो डीएचटी-11 मुळात 20 टक्क्यांच्या खालची आर्द्रता मोजायला बनवलेलाच नाही, आणि आपल्याकडची मेची दुपार नेमकी त्याच पट्ट्यात असते. तिथं मलमलीच्या फडक्यावर माझा जास्त विश्वास.

महिन्याचा पहिला भाग नेहमीसारखाच कोरडा गेला. वायव्येचं तापलेलं वारं, नांगरून पडलेल्या काळ्या रानावरून उठणाऱ्या वावटळी, आभाळ पांढरट. एका संध्याकाळची नोंद नमुन्यादाखल देतो: कोरडा 42, ओला 21.5. दोघांत वीस अंशांहून जास्त अंतर! सारणीत पाहिलं तर सापेक्ष आर्द्रता 12 टक्क्यांच्या आसपास, दवबिंदू (हवा जेवढी गार झाली की दव धरेल ते तापमान) जेमतेम 7 अंश. असल्या हवेत घाम दिसतच नाही, निघाला की उडून जातो. म्हणून तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बजावून सांगा.

माझी भाची मुंबईत दादरला राहते आणि यंदापासून तीही गॅलरीत नोंदी घेते. महिनाभर आम्ही रोज संध्याकाळी आकडे एकमेकांना पाठवले. तिकडचा कमाल 33-34, किमान 27-28, आणि दवबिंदू 25 च्या आसपास ठाण मांडून बसलेला. समुद्रावरचा वारा दुपारच्या आधीच आत शिरतो आणि पाऱ्याला फार वर चढू देत नाही, पण ओलावाही तोच आणतो. मुंबईचे सगळ्यांत तापलेले दिवस मार्च-एप्रिलमध्ये येतात ते यामुळंच. तेव्हा पूर्वेचं कोरडं वारं खाऱ्या वाऱ्याला कधी कधी दुपारपर्यंत अडवून धरतं. “मामा, तुमच्याकडं बेचाळीस आणि तुम्ही म्हणता बरं चाललंय. इथं चौतीसला अंगातला शर्ट पिळून काढावा लागतोय,” असं तिनं एकदा लिहिलं. तिला म्हटलं, तुझा ओला पारा बघ. तिचा 27-28, माझा 21.5. अंगाला काय सोसावं लागतंय, त्याचा बराचसा हिशोब या आकड्यात येतो.

उष्णतेच्या लाटेचे निकषही म्हणूनच वेगळे आहेत. मैदानी भागात कमाल निदान 40 आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असावं लागतं, किनाऱ्यावर 37 पुरतं. किंवा मैदानात पारा थेट 45 ला गेला की सरासरी न बघता लाट धरतात, 47 ला तीव्र लाट. आपल्याकडं मेची सरासरीच चाळिशीच्या वर, त्यामुळं 43 ला अंगाची लाही झाली तरी कागदावर लाट नसते. बातम्यांत ‘लाट नाही’ ऐकून कुणी निर्धास्त राहू नये.

मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येऊन गेला. परभणीचा अक्षांश साधारण 19.27, त्यामुळं 16-17 मेला सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. लातूरला तो तीन-चार दिवस आधी येतो, छत्रपती संभाजीनगरला 19 मेच्या सुमारास. घड्याळात वेळ बाराची नाही, आपल्याकडं 12 वाजून 19 मिनिटांच्या आसपास. ओळंब्यानं सरळ करून रोवलेल्या पाइपची सावली हळूहळू बुडाशी गोळा होत गेली आणि पाइपाखालीच गडप झाली. गल्लीतली पोरं स्वतःची सावली शोधत उन्हात उभी होती, त्यांना टोप्या घालायला लावल्या. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य परत डोक्यावर येईल, पण तेव्हा आभाळ मोकळं मिळणं अवघड.

आता खरी गोष्ट. शून्य सावलीनंतर कमाल फारसा हलला नाही, 41 वरून 40, एवढंच. पण ओला पारा रोज थोडा-थोडा वर सरकू लागला. 22, 23, मग 24 च्या पुढं. वारं दक्षिणेकडून, आग्नेयेकडून यायला लागलं. घरातलं दुसरं यंत्र म्हणजे कूलर, त्यानंही हेच सांगितलं. कूलरची हवा ओल्या पाऱ्याच्या खाली कधीच जाऊ शकत नाही. कोरड्या आठवड्यांत जाळीसमोर तापमापक धरला तर 25 च्या जवळपास दाखवायचा. आता तोच कूलर, तेच नवं गवत, आणि चादरी चिकट. आमचे आण्णा सकाळी ओट्यावर बसून म्हणाले, “आज लई गदमदायलंय, आभाळ येतंय बघ.” आण्णा शेतात राबलेले. त्यांना पेटीची गरज नाही, पण माझ्या वहीत त्या संध्याकाळचा ओला पारा 25 च्या वर आहे.

रोहिणी लागायच्या आदल्या दिवशी दुपारी चारला कोरडा 40, ओला 25.5, दवबिंदू 18 च्या पुढं. आग्नेयेला ढगाचा मनोरा उभा होता, माथा ऐरणीसारखा पसरलेला. ‘दामिनी’ ॲपवर विजांच्या खुणा जवळ येताना दिसल्या आणि मी घरात आलो. विजा चालू असताना पेटीपाशी जायचं नाही, हे सगळ्यांनीच पाळावं. सेन्सरचा पडदा घरात आहे, तोच बघत बसलो. आधी वारं पडलं, पान हलेना. मग धुळीची भिंत आली आणि वावधान सुटलं. पडद्यावर 39, 35, 31, आणि अर्ध्या तासाच्या आत 26! पाऊस नीट लागायच्याही आधी पारा बराच खाली आला होता.

हे कशानं होतं, ते आपल्या नोंदींतून छान दिसतं. ढगाच्या तळातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेतून येताना थोडाथोडा उडतो, त्या हवेतली उष्णता ओढून घेतो, हवा थंड आणि जड होऊन जमिनीवर आदळते आणि चहूकडं पसरते. म्हणजे ओल्या फडक्यावर जे घडतं, तेच आभाळभर. कोरडा पारा घसरत घसरत चार वाजताच्या ओल्या पाऱ्यापाशी येऊन थांबला, हा योगायोग नाही. अर्थात वरून कोणती हवा खाली येते त्यावर फरक पडतो, दर वेळी इतकं जुळणार नाही.

सकाळी साडेआठला मापकात 7 मिलिमीटर पाणी होतं, म्हणजे चौरस मीटरला सात लिटर. पावसाचा दिवस म्हणून गणायला अडीच मिलिमीटर पुरतात, त्यामुळं वहीत खूण झाली. पण रानात बोटभर ओलही नव्हती. शेजारच्या मळ्यातला पाडाला आलेला केशर आंबा मात्र वाऱ्यानं निम्मा खाली आला. आकड्यात हे नुकसान दिसत नाही, म्हणून शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवलं.

त्यानंतर आभाळ रोज दुपारी भरून येतंय. सकाळचा ओला पारा आता 23 च्या खाली जात नाही. मृग लागायच्या आत पर्जन्यमापक पुन्हा पाणसळीनं तपासायचाय, भोवतीचा शेवगा छाटायचाय.

लातूर, धाराशिव, जालना, हिंगोलीकडच्या मंडळींना एक विनंती आहे. दक्षिणेचं वारं सुरू झालं तेव्हा तुमच्याकडं ओला पारा कोणत्या तारखेला 23 च्या पुढं गेला, तेवढं वहीत बघा. ओलावा आधी लातूरला आणि मग वर आमच्याकडं चढत आला असावा, असं मला वाटतं. चार गावांच्या तारखा हाती आल्या तर नकाशावर रेघ ओढता येईल. ज्यांच्याकडं ओला पारा नाही, त्यांनी साध्या तापमापकाला मलमल गुंडाळली तरी चालेल. फक्त पाणी बॅटरीचं घ्या.